मांगरातलं वेबिल

डेपोतले दोन-तीन जुने सहकारी फोन करून विचारतात, "मांगरात रोज पहाटे काय करतोस ते आम्हालाही सांग." प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवतो आहे. मांगर म्हणजे घरापासून वेगळी, अडगळीची कौलारू खोली. तिथे मी योगासनं आणि श्वासाचा अभ्यास करतो, त्यालाच बैठक म्हणतो. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. फेरी झाली की वेबिल लिहायचं, ही सवय हाताला आहे; रिटायर होऊन तीन वर्षं झाली तरी ती सुटलेली नाही. ही वहीही तशीच लिहिली आहे: तारीख, वेळ, खर्च, खोळंबा.

घरकारीण, म्हणजे माझी बायको, जानेवारी २०२४ मध्ये गेली. त्यानंतर वर्षभर झोप नाही, चहाचा कप धरला की हात थरथरायचे, पोस्टमनवरसुद्धा ओरडायचो. डॉक्टरांच्या बीपीच्या गोळ्या चालू होत्या आणि आजही चालू आहेत. हे वाचून कोणी गोळ्या बंद केल्या तर माझं नाव सांगू नये.

२ फेब्रुवारी २०२५

वर्षश्राद्ध होऊन आठ दिवस झाले. मुलगा-सून विरारला गेली, मुलगी कुडाळला. आज मांगराचं दार उघडलं, ती गेल्यापासून पहिल्यांदा. कडी गंजून बसली होती, हातोडी मारून काढली.

आत आंब्याच्या रिकाम्या पेट्या, अढीचं गवत, सोलांच्या दोन बरण्या, फुटकं भिडं. भिंतीवर वाळवीच्या रेघा. वर मोजून अकरा कौलं फुटकी. कोपऱ्यात हिरांचा, म्हणजे माडाच्या पातीतल्या काड्यांचा, भारा पडलेला आणि शेजारी अर्धी बांधलेली वाढवण, म्हणजे त्याच काड्यांचा झाडू, सुंभाचं टोक लोंबत. अर्धं काम टाकून उठायची तिची रीत नव्हती. वाढवण उचलून वाशाच्या खोबणीत खोचली. बाकी सगळं बाहेर काढून उन्हात घातलं.

घरात बसता येत नाही. फोन वाजतो, टीव्ही खुणावतो, वाटेने जाणारा कोणीतरी पडवीत टेकतो. मांगर दहा फूट बाय चौदा, घरापासून तीस पावलांवर. जागा इथेच करायची असं ठरवलं.

९ फेब्रुवारी

टीव्हीवर बघून आठवडाभर कपालभाती केली. रोज दहा मिनिटं, भात्यासारखी. पहिल्या दिवशी डोकं हलकं झालं म्हणून खूश झालो. चौथ्या दिवसापासून छातीत धडधड आणि रात्रभर टक्क जाग. आज आरोग्य केंद्रात बीपी मोजून घेतलं : १६४/९८. बंद केली. आठवडा वाया गेला तो गेलाच, वर नर्सबाईंची बोलणी खाल्ली ती वेगळी.

पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच. मुक्कामी गाडीची सवय, दुसरं काय.

१६ ते २२ फेब्रुवारी

देवगडला शाळेच्या हॉलमध्ये सात दिवसांचं शिबिर. फी ५०० रुपये, जाण्या-येण्याचा खर्च नाही, पास आहे. शिकवणाऱ्या बाई लोणावळ्याच्या कैवल्यधामात शिकलेल्या. ही संस्था स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढली. योगाने शरीरात काय होतं ते प्रयोगशाळेत मोजून बघायचं, ही तिथली जुनी पद्धत. बाईंनाही मोजायची खोड आहे, त्यामुळे आमचं जमलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कपालभाती कोण कोण करतं?" मी ऐटीत हात वर केला. पुढचा प्रश्न आला, "बीपी कोणाला आहे?" तोच हात पुन्हा वर. बाई म्हणाल्या, "काका, हे दोन हात एकाच माणसाचे असता कामा नयेत." बीपीवाल्याने कपालभाती, भस्त्रिका, शीर्षासन यांच्या वाटेला जायचं नाही आणि श्वास कोंडून धरायचा नाही, हे त्यांनी माझ्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं.

मग घड्याळ लावून माझा श्वास मोजला. मिनिटाला बावीस, तेही नुसतं बसलेलं असताना. हातांची थरथर त्यांना मी सांगितली नव्हती, त्यांनी बघितली. म्हणाल्या, पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पहिल्या पादातलं एकतिसावं सूत्र बघा. दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगमेजयत्व म्हणजे अंगाची थरथर आणि श्वासाची ओढाताण. चित्त विखुरलं की या गोष्टी जोडीने येतात. एकतीस आकडा माझ्या नोकरीचाच, म्हणून लक्षात राहिला. एरवी सूत्रंबित्रं मला पेलत नाहीत.

काम दिलं ते असं. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. मध्ये थांबायचं नाही, जोर लावायचा नाही. दहा सेकंदांचा एक श्वास, म्हणजे मिनिटाला सहा. बाईंनी माझंच बोट माझ्या मनगटावर ठेवायला लावलं. श्वास बाहेर जाताना नाडीचे ठोके लांब पडतात, आत येताना जवळ येतात. एकतीस वर्षं इंजिनाचा आवाज ऐकून गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते सांगायचो, पण स्वतःच्या मनगटात हे चाललेलं कधी कळलं नव्हतं.

सातव्या दिवसापर्यंत चार-सहाचा श्वास तीन मिनिटं टिकू लागला. मग जांभया येतात.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. कुणकेश्वरच्या जत्रेला जादा गाड्यांवर इतकी वर्षं ड्युटी केली. आज उतारू म्हणून गेलो. परत येताना सवयीने पाव किलो खाजं घेतलं. गाडीत बसल्यावर आठवलं, मला खाजं आवडत नाही.

बैठक झाली नाही.

३ मार्च

जमीन केली. तांबडी माती एक टेम्पो, १,८०० रुपये. स्वतः पसरली, पाणी मारलं, चोपण्याने चोपली, वर शेणाचं सारवण. पाच दिवस गेले. चोपणं मारताना पहिल्यांदा घाम येऊन दुपारची झोप लागली, ती जमेची बाजू.

चूक लगेच दिसली नाही म्हणून पुढे लिहीन.

१३ मार्च

आज होळी आणि माझी बोटं भाजलेली.

झालं असं, की जमिनीला भेगा पडल्या. मी घाई केली. माती नीट मुरू न देता एका दमात चोपली. त्यात वाळवी भिंतीतून जमिनीत उतरली. ८५० रुपयांची नवी रबरी मॅट उचलली तर खाली मातीच्या नळ्या. आणि पहाटे बसलो की गारठा कमरेत शिरतो तो दहा वाजेपर्यंत निघत नाही. दोन दिवस विचार करून ठरवलं : चिऱ्यांवर फळ्या टाकायच्या, जमिनीपासून वीतभर उंच. मातीचे १,८०० रुपये मातीत.

वाळवी चढू नये म्हणून वाशांना आणि दाराच्या चौकटीला काजूच्या टरफलांचं तेल लावलं. होड्यांना लावतात तेच. त्याने कातडी जळते हे लहानपणापासून माहीत आहे. तरी हातमोजे न घालता बसलो, कारण हातमोजे आणायला बाजारात कोण जाणार. उजव्या हाताच्या तीन बोटांना फोड. अंगठा आणि अनामिकाच गेल्यामुळे नाडीशोधन, म्हणजे एकेक नाकपुडी बोटाने मिटून आलटून-पालटून श्वास घेणं, आठ दिवस बंद; डाव्या हाताने करून बघितलं तर डावी-उजवी नाकपुडी कोणती याचाच घोळ व्हायला लागला.

तेल लावणाऱ्यांनो : जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि वास जायला चार दिवस दार उघडं. त्या वासात श्वासाचा अभ्यास होत नाही, खोकल्याचा होतो.

२९ मार्च

फळ्या फणसाच्या, एका जुन्या घराच्या माळ्याच्या. ६,५०० रुपयांत मिळाल्या, स्वस्तच म्हणायच्या. सुतार "उद्या येतंय" म्हणून अठरा दिवसांनी आला. मार्चमध्ये देवगडात सुतार शोधायचा नाही. सगळे आंब्याच्या पेट्या ठोकण्यात अडकलेले असतात आणि त्यांचं बरोबरच आहे. चार दिवसांची मजुरी ४,०००. फळ्यांच्या मध्ये करंगळी जाईल एवढी फट ठेवायला सांगितली, म्हणजे पावसाळ्यात लाकूड फुगलं तर उचलणार नाही. त्याने ऐकलं असं तेव्हा वाटलं.

३० मार्च

गुढीपाडवा. फळ्यांवरची पहिली बैठक. पहाटे ५.१० ते ५.२१. अकरा मिनिटं.

मांडी घालून पाच मिनिटांत उजवा गुडघा बोंबलायला लागला. वज्रासन तर सोडूनच द्या. उभ्याची आसनं मात्र झकास. वृक्षासनात एका पायावर दीड मिनिट हललो नाही. शिबिरात पंचविशीची पोरं डुलत होती. उभं राहणं हा माझा धंदाच होता, बसणं शिकायचं राहिलं.

पुण्याला बी. के. एस. अय्यंगारांच्या संस्थेत १९७५ पासून ठोकळे, दोऱ्या, खुर्च्या वापरून आसनं शिकवतात. ते ठोकळे विकत घ्यायला गेलं तर महाग. मी आंब्याच्या पेटीच्या फळ्या एकावर एक ठोकून दोन ठोकळे केले, खिळ्यांची टोकं वळवली आणि घासली. खाली जाड गोधडीची घडी. बूड गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर आलं आणि गुडघा गप्प बसला. दोरी म्हणून काथ्याचा दोर घेतला तो चुकला, पोटऱ्यांना ओरखडे आले. जुनी सुती साडी पिळून दोर केला, तो उत्तम. साडी तिचीच.

८ एप्रिल

शवासनावर लिहायचं सहा दिवस टाळतो आहे.

सगळ्यात सोपं आसन तेच असं समजून होतो. उताणं पडायचं, डोळे मिटायचे. पहिल्या दिवशी मिनिटभरात छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं आणि उठून बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी दात आवळून पडून राहिलो, मन दुसरीकडे नेलं, डेपोतल्या गाड्यांचे नंबर आठवले. पाठ लाकडासारखी ताठ झाली. तिसऱ्या दिवशी रडू फुटलं आणि थांबेना. गोठ्यातली म्हैससुद्धा हंबरायला लागली. चौथ्या दिवशी गेलोच नाही.

खरं लिहितो. साडेतीनची जाग मुक्कामी गाडीची नाही. रिटायर झाल्यावर पहिली दोन वर्षं मी सहा-साडेसहापर्यंत घोरत होतो. त्या रात्री साडेदहाला ती म्हणाली, "छातीत जळजळता हा, काय तरी दी." मी बातम्या बघत होतो. मान न वळवता म्हटलं, "सोडो घे नि नीज." तिने खायचा सोडा घेतला. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला, तोसुद्धा ऐकला. साडेतीनला तिच्या घशातून आवाज आला म्हणून जाग आली. गाडी मिळवून देवगडात पोचेपर्यंत संपलं होतं.

बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो. जळजळ, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, दम लागणं. दरवेळी सिनेमातल्यासारखं छाती धरूनच कोणी पडतं असं नाही. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तुम्हाला आधी सांगून ठेवतो.

१२ एप्रिल

बाईंना फोन केला. सगळं सांगितलं नाही, शवासन जमत नाही एवढंच म्हटलं. त्यांनी विचारलं, "काका, चालत्या गाडीत दांडी न धरता तिकिटं कशी द्यायचात?"

म्हटलं, गुडघे सैल ठेवून. नवीन पोरगा कामाला लागला की पाय ताठ करून उभा राहतो आणि फोंडाघाटात पहिल्याच वळणाला कोणाच्या तरी मांडीत जाऊन पडतो. गुडघे सैल सोडले की गाडी जिकडे जाते तिकडे अंग जातं आणि परत जागेवर येतं.

"मग शवासनात दांडी का धरता?" बाई म्हणाल्या.

त्यावर मी गप्प. मग त्यांनी कामाचं सांगितलं, ते क्रमाने लिहितो. उताणं पडायचं नाही, डाव्या कुशीवर पडायचं, गुडघ्यांत गोधडी. डोळे मिटायचे नाहीत, अर्धे उघडे ठेवून समोरची एक वस्तू बघायची. पोटाजवळ तांदळाची दोन किलोची पिशवी कवटाळायची, तिचं वजन श्वासागणिक हलताना कळतं. तीन मिनिटांत उठायचं, बरं वाटत असलं तरी उठायचं. आणि रडू आलं तर येऊ दे, फक्त सहाचा बाहेरचा श्वास सोडायचा नाही. आठवडाभराने पण झोप-भूक सुधारली नाही, किंवा जगणं नको असं मनात आलं, तर आसनं ठेवून सरळ मानसोपचाराच्या डॉक्टरकडे जायचं. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

समोरची वस्तू म्हणून नजर गेली ती वाशात खोचलेल्या वाढवणीवर. दुसरीकडे तोंड करून झोपलो.

५ मे

हिशेब. तेवीस दिवसांत एकोणीस बैठका. चार बुडल्या, दोन आंब्यामुळे, एक लग्नामुळे, एक आळसामुळे. कुशीवरचं शवासन तीनवरून आठ मिनिटांवर. बसलेला श्वास मिनिटाला बावीसवरून चौदावर. साडेतीनची जाग तशीच आहे. फरक एवढाच, की तेव्हा आढ्याकडे बघत पडून राहत नाही. पाय खुर्चीवर ठेवून दहा मिनिटं उताणा पडतो आणि कधी कधी तिथेच पाचपर्यंत डोळा लागतो. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आज तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडलं नाहीत." तिला बैठकीचं काही सांगितलेलं नव्हतं.

भ्रामरी करून बघितली. भुंग्यासारखा आवाज काढत श्वास सोडायचा. श्वास आपोआप लांबतो, मोजावं लागत नाही. मोजणं हा माझा आजारच आहे. चार-सहा मोजता मोजता मी एकूण श्वास किती झाले तेही मोजायला लागलो होतो आणि शेवटी आकडा जुळला नाही म्हणून चिडायचो. भ्रामरीत ते बंद झालं. म्हैस मात्र कान टवकारते.

२६ मे

सगळ्यात मोठी चूक. अकरा कौलं फेब्रुवारीत मोजली आणि शाकारणी मृगाच्या तोंडावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात करायची म्हणून ठेवून दिली. दरवर्षी तसंच करतो. यंदा २० मेपासून पाऊस धरला तो सोडेना आणि काल, २५ मेला, मान्सून देवगडात आलासुद्धा. हापूस झाडावर, पेट्या अंगणात, सगळ्यांची दैना. माझा मांगर त्यात कोणाच्या लेखी?

पाणी थेट बैठकीच्या जागेवर गळत होतं. रबरी मॅटवर चार दिवसांत हिरवी-काळी बुरशी. पुसली, उन्हाविना वाळली नाही, फेकली. गोधडीला कुबट वास. शेजाऱ्याच्या होडीवरची ताडपत्री मागून आणली आणि भर पावसात शिडीवर चढलो. बासष्टीच्या वाटेवर असलेल्या माणसाने हे करू नये.

बैठक पडवीत, खाटेवर बसून. पाऊस एवढा वाजत होता की भ्रामरी स्वतःलाच ऐकू आली नाही.

९ जून

दोन गडी, तीन दिवस, रोज ७०० प्रत्येकी, एकूण ४,२००. चाळीस कौलं बदलली, १,२००. पश्चिमेच्या बाजूने झड आत येते म्हणून झावळ्यांचे झाप विणून लावले, ते फुकट. मॅटच्या जागी साधी चटई, वर सुती चादर. चादर रोज चुलीवरच्या दोरीवर. समुद्राच्या बाजूला राहणाऱ्यांनी रबरी मॅटच्या नादी लागू नये एवढंच सांगतो.

२१ जून

योग दिन, २०१५ पासूनचा अकरावा. शाळेत गुरुजींनी बोलावलं, दोन शब्द बोला म्हणाले. उभा राहिलो, म्हटलं, "बीपी असेल तर कपालभाती करू नका," आणि बसलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या, भाषण लहान म्हणून असेल.

११ जुलै

महिनाभर वाडीतली थोरली काकी येते आहे. वय पंच्याहत्तरच्या पुढे, मासळीची टोपली डोक्यावर घेऊन जन्म काढलेली. पहिल्या दिवशी दारातून बघत होती. "झिला, भितुर काय करतस रे? निजतस काय?" मग म्हणाली, "निजाचाच आसा तर माका पण जमात." तेव्हापासून रोज. आसन एकच करते, भिंतीला टेकून पाय पसरून बसते. श्वास माझ्यापेक्षा संथ. तिला कोणी शिकवलेला नाही.

आज बैठक सुरू असताना ती छातीवर हात चोळत म्हणाली, "जळजळता हा. घरात सोडो आसा काय?"

माझे हात थरथरायला लागले ते चप्पल पायात जाईना. चार-सहा कुठला, श्वास गळ्यातच. तिला ओढतच रिक्षात घातलं. ती वाटभर ओरडत होती, "इतक्यान काय मरान जातलंय मी?" दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. रात्री बांगडे जास्त झाले होते. रिक्षा, कार्डिओग्राम, गोळ्या मिळून ७०० रुपये. परत येताना तिने एक मोठा ढेकर दिला आणि म्हणाली, "बघ. ह्या घरात फुकट झाला असता."

साडेतीन महिन्यांचा अभ्यास पाच मिनिटांत गेला, हे वहीत लिहून ठेवतो. कोणी विचारलं की योगाने मन शांत होतं का, तर हे पान दाखवीन. दुसरी बाजूही लिहितो : संध्याकाळी सहापर्यंत हात स्थिर झाले. आधी अशी थरथर तीन-तीन दिवस चालायची. आणि रात्री झोपलो ते थेट पाचला उठलो. साडेतीन कधी वाजून गेले कळलं नाही.

२ सप्टेंबर

गणपती. २७ ऑगस्टला बसले, आज आमचे गेले. सगळी घरी होती. सात दिवसांत एकही बैठक नाही, मांगरात तर पाहुण्यांच्या बॅगा. तिसऱ्या दिवशी मुलाने "आई असती तर नेवऱ्या झाल्या असत्या" म्हटलं आणि मी ताट सरकवून उठलो. जुना बाबा परत आला, असं सुनेच्या तोंडावर वाचलं.

रात्री मुलीने मांगरात येऊन विचारलं, बाबा काय झालं. तिला सोड्याचं सांगितलं. दीड वर्षात कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना मध्ये दोनदा थांबलो, सहापर्यंत श्वास सोडला, पुढे बोललो. तिने ऐकून घेतलं. "मलाही तिने आदल्या दिवशी फोनवर सांगितलं होतं जळजळतं म्हणून," म्हणाली, "मी ओवा खा म्हटलं." मग दोघंही फळ्यांवर बसून राहिलो, आरतीला हाक येईपर्यंत.

१४ सप्टेंबर

विचारतात म्हणून खर्च. शिबिर ५००, माती १,८००, मॅट ८५०, काजूचं तेल ३००, फळ्या ६,५००, सुतार ४,०००, कौलं १,२००, गडी ४,२००. एकूण १९,३५०. त्यातले माती आणि मॅटचे २,६५० वाया. काकीचे ७०० यात धरलेले नाहीत. पुन्हा करायचं झालं तर आधी कौलं, मग फळ्या, आणि मे उजाडायच्या आत सगळं पुरं. खरं तर पहिले तीन महिने पडवीत चटई टाकून बसलो असतो तरी चाललं असतं. पण चोपणं मारल्याशिवाय मला तेव्हा झोप लागत नव्हती, हेही खरं.

बीपी १३८/८६, गोळी तीच, डॉक्टरांनी बदललेली नाही. बसलेला श्वास मिनिटाला अकरा. साडेतीनची जाग आठवड्यातून दोनदा-तीनदा.

१५ सप्टेंबर

अविधवा नवमी. सवाष्ण म्हणून मेहुणी जेवायला येणार होती, पण बैठक चुकवली नाही. ५.१० ते ५.४५. काकी आली होती. शवासन आज उताणं केलं, डोळे मिटून, बारा मिनिटं.

मध्येच कसला तरी खसखस आवाज येत होता. उंदीर असेल म्हणून उठलो नाही.

डोळे उघडले तर काकी पाय पसरून बसली होती, तोंडात सुंभाचं टोक. वाशातली वाढवण तिने काढून घेतली होती, कोपऱ्यातले हीर त्यात भरून, आवळून, गाठ मारून पुरी केली होती. मी काही बोललो नाही. तीही नाही. उठली आणि त्याच वाढवणीने दारापासून झाडायला लागली.

उजवीकडची तिसरी फळी पावसाने वर उचलली आहे, केर तिथे अडकतो. सुताराने फट कमी ठेवली. त्याला फोन करायचा.